मूठ जपावी, खूण राखावी

(करंजा येथे खंडेनवमीनिमित्त झालेल्या कुटुंबमेळाव्यात एका निवृत्त यंत्रज्ञाने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. घरातील परवानाधारक जुन्या शस्त्राच्या झिजलेल्या लाकडी मुठीची निगा हा भाषणाचा विषय होता.)



खंडेनवमीला शस्त्र या विषयावर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुधा कुरुक्षेत्रापासून आरंभ करतो, प्रतापगडावर येतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. मी तसा अभ्यासक नाही. माझे आयुष्य यंत्रशाळेत गेले. हाताला तेलाचा वास आणि नखांत काळे, हीच माझी विद्वत्ता. म्हणून आज मी शस्त्राच्या पराक्रमाविषयी बोलणार नाही. शस्त्राला जी चार बोटे लाकूड असते, जे आपल्या तळहाताला लागते, त्या मुठीविषयी तेवढे बोलणार आहे. विषय लहान आहे; पण त्या लहान विषयात मी आयुष्यातली एक मोठी चूक केली आहे आणि ती आपल्यापैकी कोणी करू नये, यासाठीच अध्यक्षांचे आमंत्रण मी स्वीकारले.

आपल्या करंज्याला शस्त्र अपरिचित नाही. द्रोणागिरीच्या पायथ्याच्या या भूमीत नौदलाचे शस्त्रागार आहे. येथील अनेक घरांतील माणसांचा उदरनिर्वाह त्या कुंपणाआड झाला. त्याहून जुनी नातीही आहेत. आपला उरण एकेकाळी पनवेल तालुक्याचा पेटा होता आणि त्याच पनवेल तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८७८ साली, लिटनच्या कारकिर्दीत, इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा केला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा हिंदी माणसाचा गुन्हा ठरला; युरोपीय मात्र त्यातून वगळले गेले. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, किल्लेदाराच्या या नातवाने बंड उभारले. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, आपल्या समाजात घरोघर परवान्याचे शस्त्र नाही. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा अधिनियम आला, नियम बदलले, पण शस्त्र ही नोंदीतली वस्तू राहिली आणि ते योग्यच आहे. त्यामुळे ज्या थोड्या घरांत आजोबांचे रिव्हॉल्व्हर किंवा वडिलांचे पिस्तूल आहे, तेथे ते कपाटातल्या कुलपात असते. वर्षातून एकदा पाटावर येते, त्याला गंध लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते आणि ते पुन्हा कुलपात जाते. त्याची मूठ झिजते, तडकते, चिकट होते, तिच्यावर बुरशी धरते. मग एखाद्या वर्षी घरातल्या उत्साही तरुणाला वाटते, हे नवे करून टाकू. तो उत्साही तरुण एकेकाळी मीच होतो.

वडिलांचा अंगठा

माझे वडील मिठागरावर व्यवस्थापक होते. दर आठवड्याला मजुरांच्या पगाराची रोकड पनवेलहून आणण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या कारणासाठी त्यांना बत्तीस बोअरच्या एका जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळालेला होता. मुठीला दोन्ही बाजूंनी अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या होत्या. त्यांवर बारीक शंकरपाळ्यांसारखी आडवी-तिरपी नक्षी कोरलेली होती. हात घामेजला तरी मूठ सटकू नये, हा तिचा उपयोग. आणि डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला ती नक्षी पुसून एक गुळगुळीत खळगा पडला होता. अंगठा टेकवला की नेमका त्यात बसे.

हा खळगा कसा पडला? माझ्या वडिलांनी त्या शस्त्रातून माणसावर तर नाहीच, पाखरावरही गोळी झाडली नाही. एसटीच्या खिडकीशी बसून, मांडीवर रोकडीची पिशवी आणि पिशवीत हात, असा त्यांचा तो प्रवास असे. पिशवीतल्या हाताचा अंगठा सारखा त्या लाकडावरून फिरत राही. दोनशे माणसांच्या चुलीचे पैसे आपल्यापाशी आहेत, ही काळजी त्या अंगठ्यातून त्या लाकडात वीस-बावीस वर्षे झिरपत होती.

वडील गेले. यथावकाश परवाना माझ्या नावावर झाला. पहिल्या खंडेनवमीला मी शस्त्र बाहेर काढले, तेव्हा ती मूठ मला कळकट आणि लाजिरवाणी वाटली. मी पट्ट्या सोडवल्या. जाडा पॉलिश पेपर घेतला आणि एका दुपारात घासून घासून लाकूड आरशासारखे गुळगुळीत केले. वर व्हार्निशचे तीन हात दिले. मूठ दुकानातल्या काचेत ठेवावी तशी चमकू लागली. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने ती आईपुढे पाटावर ठेवली.

आईच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. तिला दिसत नव्हते म्हटले तरी चालेल. तिने हात पुढे केला, मुठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग मला म्हणाली, "बाळा, हे ह्यांचे नव्हे. ह्यांचे कुठे ठेवलेस?"

मी काय उत्तर देणार? वडिलांचे ते माझ्या पॉलिश पेपरवर होते, आणि कागद मी केरात टाकला होता.

आधी प्रश्न, मग कागद

बंधूंनो, त्या दिवसापासून मी एक नियम केला. कोणतीही जुनी मूठ हाती घेतली की प्रथम विचारायचे : ही वस्तू साधन आहे की साक्ष? साधन असेल, तर ते वापरणाऱ्याच्या हाताला नीट बसले पाहिजे. त्यासाठी घासावे, भरावे, बदलावे. साक्ष असेल, तर तिच्यावरची मळी काढावी आणि खूण राखावी. मळी आणि खूण यांतला फरक ओळखणे, एवढेच या कामातले खरे कौशल्य आहे. बाकीचे सगळे बाजारात डबीत मिळते.

हा भेद केवळ घरगुती नाही. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सचा वध झाला. पहिली गोळी आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंची आणि पाठोपाठ भगतसिंगांच्या पिस्तुलाच्या गोळ्या. भगतसिंगांचे ते बत्तीस बोअरचे कोल्ट पिस्तूल कुठे होते? इंदूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र-प्रशिक्षण विद्यालयाच्या संग्रहालयात, इतर अनेक शस्त्रांच्या रांगेत ते वर्षानुवर्षे होते आणि ते कोणाचे, हे पाहणाऱ्यांना ठाऊक नव्हते. गंज चढू नये म्हणून त्यावर काळ्या रंगाचे थर दिलेले होते. शोध सुरू झाल्यावर २०१६ मध्ये तो रंग खरवडला गेला, खालचा १६८८९६ हा क्रमांक दिसला, जुन्या कागदपत्रांशी तो जुळला आणि पिस्तुलाची ओळख पटली. पुढे ते हुसैनीवाला येथील संग्रहालयात मानाने ठेवले गेले. रंग देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना गंज टाळायचा होता. पण काळजीपोटी दिलेल्या रंगाखाली एवढी मोठी साक्ष झाकली गेली. सुदैवाने क्रमांक लोखंडात खोदलेला होता, म्हणून तो रंगाखाली जिवंत राहिला. लाकडावरची खूण घासली की ती परत येत नाही.

हात लावण्यापूर्वी

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. मी सांगतो ते फक्त परवानाधारकाने, स्वतःच्या घरी, स्वतःच्या शस्त्राच्या लाकडापुरते करायचे आहे. पहिली गोष्ट, शस्त्र रिकामे आहे याची खात्री करा. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्री उघडून प्रत्येक घर बघा; पिस्तूल असेल तर मॅगझिन काढा आणि नळीच्या मागच्या टोकाला काडतूस उरलेले नाही, हे डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. मुलांना त्या वेळी जवळ बसवू नका. पट्ट्या निघाल्या की शस्त्र परत कुलपात. मेजावर फक्त लाकूड उरले पाहिजे.

शस्त्र ओळखीच्या सुताराकडे किंवा पॉलिशवाल्याकडे टाकून येऊ नये. तो कितीही विश्वासू असला तरी त्याच्याकडे परवाना नाही. धातूच्या भागात काही बिघाड असेल, तर ते काम परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराचे. आपण लाकडापलीकडे जाऊ नये.

पट्टी सोडवताना बहुतेकांचा पहिला अपघात स्क्रूशी होतो. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू-ड्रायव्हर घ्या. अरुंद पात्याने खाच चेमटते आणि ती जखम कायमची दिसत राहते. स्क्रू सुटला तरी पट्टी कडेला सुरी घालून उचकटू नका. स्क्रू अर्धा सैल करून त्याच्या डोक्यावर अंगठ्याने हलका दाब द्या; पलीकडची पट्टी आपोआप वर येते. पट्टीच्या आतल्या बाजूला कधी पेन्सिलीचा आकडा, कधी कोरलेली खूण असते. ती पुसू नका. आतल्या अंगाला पॉलिश पेपर लावायचाच नाही, हे लक्षात ठेवा.

यानंतर पदार्थ ओळखा. प्रत्येक काळपट मूठ लाकडाची नसते. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडले. त्या काळच्या ब्राउनिंग पिस्तुलांवर सर्रास कठीण केलेल्या रबराच्या काळ्या पट्ट्या असत. इंग्लंडच्या एनफील्ड कारखान्यातील रिव्हॉल्व्हरांवर १९३० च्या दशकात आधी अक्रोडाच्या पट्ट्या होत्या, पुढे बेकलाइटच्या आल्या. रबर आणि बेकलाइट यांना तेल, घासणी, गरम पाणी यांतले काहीही लावू नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. पट्टीच्या आतल्या बाजूला लाकडाचे रेषे दिसले, तरच पुढे जा.

मळी कशी काढावी

दहांतल्या सात मुठींना पुढचे एवढेच पुरते. मऊ फडके साबणाच्या फिकट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि पट्टी पुसून लगेच कोरडी करा. नक्षीच्या रेघांत साचलेला घाम-धूळ-तेलाचा राप असेल, तर जुना टूथब्रश टर्पेंटाइनमध्ये किंचित बुडवून रेघांच्या दिशेने फिरवा. काळे निघेल, फडके बदला. एक दिवस सावलीत वाळू द्या. पुष्कळ वेळा मळीखालचे लाकूड इतके सुंदर निघते की पुढे काही करावेसे वाटत नाही. तेथेच थांबावे.

लाकडावर जुना लेप असेल, तर तो कशाचा आहे हे बघा. पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे लेपाचा ओघळ आला असेल तिथे, कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. लेप चिकट झाला तर तो चपड्याचा, म्हणजे लाखेचा. लाखेचे पॉलिश दिसायला देखणे, पण दमट हाताखाली आणि आपल्या खाऱ्या हवेत ते पांढुरके होते. मुठीसाठी तेलाचाच हात उत्तम.

लाकूड तेलाने काळे पडले असेल, तर खडूची बारीक पूड स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या. वाळला की पूड तेल ओढून पिवळी होते, ती झटका. दोन-तीन वेळा केले की पुष्कळ फरक पडतो. खोच पडली असेल पण रेषे तुटलेले नसतील, तर त्या जागी ओले फडके ठेवून गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवा. वाफेने दबलेले लाकूड फुगून वर येते. बारीक तडा असेल, तर दोन नळ्यांतून येणारा एपॉक्सी टाचणीच्या टोकाने आत भरून, दोरा गुंडाळून रात्रभर ठेवा.

घासणे हा शेवटचा उपाय. व्हार्निश पापुद्र्यांसारखे सुटत असेल किंवा लाकूड बोचत असेल, तरच. मग २४० नंबरच्या खाली जाऊ नका आणि ४०० च्या वर थांबा. कागद रबराच्या ठोकळ्याला गुंडाळा, रेषांच्या दिशेने हलक्या हाताने चालवा. नक्षीवर कागद चालवू नका. तिच्या रेघा बुजल्या असतील तर तिकोनी बारीक कानशीने एकेक रेघ मोकळी करा. ज्या कडेला लाकूड लोखंडाला भिडते, त्या कडेला तर अजिबात हात लावू नका. मी तिथेही घासले होते. लाकूड केसभर खाली गेले आणि लोखंडाची कड वर आली. आजही ती माझ्या तळहाताला बोचते. आणि नाकाला फडके बांधा. शिसवीची भुकटी विशेषतः अनेकांना बाधते.

कोणते तेल?

आपल्या कोकणात सगळ्या दुखण्यांवर खोबरेल असते. मुठीला मात्र ते लावू नये. तिळाचे किंवा मोहरीचेही नको. ही तेले लाकडात वाळत नाहीत. ओली राहतात, धूळ धरतात, खवट होतात. जवसाचे, म्हणजे अळशीचे, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि लाकडाच्या रेषांत टिकाऊ लेप बनते. रंगाच्या दुकानात 'बॉइल्ड' जवसाचे तेल मिळते. ते कच्च्या तेलापेक्षा लवकर वाळते. येथील कोळी बांधवांना वेगळे सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडी होड्या वर ओढून शाकारताना लाकडाची काळजी कशी घ्यावी, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खाऱ्या वाऱ्यात उघडे लाकूड टिकत नाही, हा धडा मी पुस्तकापेक्षा त्यांच्या बंदरावर अधिक शिकलो.

एका पट्टीला तेलाचे चार-पाच थेंब पुरतात. तळव्याने चोळा, लाकूड कोमट लागेपर्यंत चोळा. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले सगळे तेल पुसून काढा. पुसायचे राहिले तर ते चिकट होऊन बसते. एक दिवस, हवा दमट असल्यास दोन-तीन दिवस थांबा आणि पुन्हा एक हात द्या. असे चार-पाच हात झाले की मंद तुकतुकी येते. शेवटचा हात पट्टीच्या आतल्या अंगालाही अगदी पातळ द्या, म्हणजे दमट हवा मागच्या दाराने शिरणार नाही.

येथे एक गंभीर सूचना. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती कोंडली, तर फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्यावर एकेरी पसरून वाळवा, अथवा पाण्यात बुडवून मग टाका. घरात काडेपेटीइतकीच या फडक्याची भीती बाळगा.

हे काम श्रावणात करू नये. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात हवा कोरडी असते, तो काळ उत्तम. नवरात्राच्या आदल्या रात्री घाईने पॉलिश करणारे पुढच्या पावसाळ्यात पस्तावतात. शस्त्र चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि लाकडाला बुरशी, लोखंडाला गंज देते. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागू शकते. तेव्हा ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नका; कोरड्या सुती कापडात द्या आणि परत आल्यावर त्याच दिवशी पुसा.

पूजा कोरडी असावी

आता माता-भगिनींना एक विनंती. आपण पाटावर शस्त्र मांडतो, त्यावर पाणी शिंपडतो, हळदकुंकू वाहतो, ओले फूल ठेवतो. ओल्या कुंकवाखाली लोखंडाला रातोरात गंज धरतो. हळदीचा डाग लाकडात उतरला की जात नाही. माझ्या घरी आता गंधाचे बोट आणि हळदकुंकू पाटाला लागते, फूल शस्त्राच्या बाजूला असते आणि शस्त्राला कोरड्या वस्त्राने पुसणे हीच त्याची पूजा असते. कोणाला यात उणेपणा वाटेल. मला वाटतो तो असा की, वर्षभर ज्याकडे बघितले नाही, त्यावर एका दिवशी कुंकू वाहून आपण मोकळे होतो. ज्या घरात शस्त्राला दर दोन महिन्यांनी कोरडे फडके लागते, त्या घरातली पूजा अखंड चालू आहे, असे मी समजतो.

मुलीची मूठ

माझी मुलगी नेमबाजी करते. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांच्यामुळे पनवेल हे नेमबाजीचे केंद्र म्हणून देशाला परिचित झाले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आपल्याकडच्या अनेक मुलींच्या मनात पिस्तुलाविषयीची भीती मावळली. माझ्या मुलीचे हवेवर चालणारे पिस्तूल आहे, ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याचे. त्यालाही अक्रोडाची मूठ आहे; पण ती मूठ पाहाल तर चक्रावून जाल. बोटांसाठी खाचा, तळव्याखाली आधाराची फळी. तिने ती कानशीने घासली आहे, लाकडाच्या लांबीने भरली आहे, पुन्हा घासली आहे. स्पर्धेचे नियम काटेकोर आहेत : पिस्तूल दीड किलोपेक्षा जड नसावे, ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे, मनगट मोकळे दिसावे. त्या मर्यादेत राहून तिने आपल्या हातासारखी मूठ घडवली. ते साधन आहे. तिथे संकोच नको.

दोन वर्षांपूर्वी मी सत्तरी ओलांडली. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, अथवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, की कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. पात्रता तपासून निर्णय परवाना अधिकारी घेतात. मी मुलीला विचारले, तुला हे हवे का? नको असेल तर रीतसर जमा करून टाकू, त्यातही कमीपणा नाही. शस्त्र हा वारसा सांभाळण्याची तयारी नसलेल्या घरात राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिने उत्तर देण्याआधी मूठ हातात घेतली. नेमबाजाचा हात तो, तिने अंगठा टेकवला आणि म्हणाली, "बाबा, इथे काहीतरी होते ना?" मी तिला सगळे सांगितले. मिठागर, एसटी, रोकडीची पिशवी, आजीचा प्रश्न. व्हार्निश मी पुढे काढून टाकले होते, जवसाचे तेल दिले होते. पण सपाट झालेले लाकूड सपाटच होते. मी म्हणालो, तुला कानस चालवता येते. तू पुन्हा तिथे खळगा कोरशील का? आजोबांच्या अंगठ्याएवढा?

ती म्हणाली, "नाही. तो खोटा होईल. आता जे आहे ते तुमचे आहे. ते असेच राहू द्या."

बंधू-भगिनींनो, माझ्या चुकीलाही तिने खूण म्हणून जागा दिली. अर्ज केलेला आहे. निर्णय व्हायचा तेव्हा होईल. तोवर दर दोन महिन्यांनी मी कपाट उघडतो, शस्त्र रिकामे असल्याची खात्री करतो आणि कोरड्या फडक्याने मूठ पुसतो. मागच्या खेपेस पुसताना त्या सपाट जागी लाकूड किंचित गडद झालेले दिसले. माझाच अंगठा तिथे थांबत असावा.

आज घरी गेल्यावर पाटावरचे शस्त्र उचलण्यापूर्वी, ते रिकामे असल्याची खात्री करून, एकवार मुठीवरून हात फिरवा. कुठे झीज लागली, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ही कोणाची? जोवर उत्तर देणारे माणूस आहे, तोवर विचारून घ्या. पॉलिश पेपर उद्याही मिळेल.